तीन बॅटऱ्या मेल्या, तिन्ही एकाच जागेवर: कॅराव्हानमधल्या दोन बॅटऱ्यांची जोडणी कशी तपासायची

आमची कॅराव्हान गाडीमागे लावून ओढायची आहे, दोन माणसं आरामात झोपतील एवढी. आत १२ व्होल्ट, १५० एएचच्या (अँपियर-अवर, म्हणजे साठ्याचं माप) दोन ट्यूब्युलर, म्हणजे पाणी घालायच्या शिशाच्या, बॅटऱ्या पॅरललमध्ये. छपरावर १६५ वॉटची दोन सोलर पॅनल. वर्षातले आठ महिने ती दापोलीजवळ आमच्या वाडीत उभी असते, पाहुणे येतात, राहतात. दिवसभर सगळं झकास चालायचं. रात्री आठला कुणी भाताचा इलेक्ट्रिक कुकर लावला की इन्व्हर्टर टीं टीं करायला लागायचा, आणि अकराच्या आत पंखा बंद. मे महिन्यात समुद्राकाठी पंखा बंद म्हणजे काय, हे पाहुण्यांनी मला सकाळी चहाबरोबर नीट सांगितलंय.

बॅटरीच्या दुकानात गेलो. त्यांनी लोड टेस्टर लावला, एक सेल (बॅटरीतल्या सहा कप्प्यांपैकी एक) गेलाय म्हणाले आणि वॉरंटीत बॅटरी बदलून दिली. दहा महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा बदलून मिळाली. मग तिसरीही गेली. वॉरंटी मूळ खरेदीच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे तिसऱ्या वेळी खिशातून पैसे गेले. या सगळ्या काळात मी उन्हाळ्याला दोष दिला, खाऱ्या हवेला दिला, कंपनीला दिला, कुकर लावणाऱ्या पाहुण्यांनाही मनातल्या मनात दिला. वायरिंगवर शंका आली नाही, कारण दिवे तर लागत होते.

हर्णैला संध्याकाळी मासळीच्या लिलावाला गेलो होतो. तिथे ट्रॉलरची वायरिंग करणारे एक काका आहेत. वय सत्तरीच्या आसपास, चष्म्याला दोरी. होडीवर इंजिनाची एक आणि दिव्यांची एक अशा बॅटऱ्या असतातच, म्हणून त्यांना माझं रडगाणं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तीन मेल्या म्हणतोस. त्या कुठल्या जागेवरच्या?"

मला आठवावं लागलं. तिन्ही दरवाजाकडच्या होत्या. आतल्या बाजूची बॅटरी पहिल्या दिवसापासून तीच आहे, तिला कुणी हातही लावलेला नाही.

"मग बॅटरीला कशाला शिव्या घालतोस? जागेला विचार."

दुसऱ्या दिवशी ते वाडीत आले. पुढे लिहिलंय ते बरंचसं त्यांनी दाखवलेलं आहे, थोडं मी नंतर मोजून पाहिलेलं. तुमच्याकडेही दोन बॅटऱ्या असतील आणि एकच पुन्हा पुन्हा जात असेल, मग ती कॅराव्हानमध्ये असो, होमस्टेच्या इन्व्हर्टरला असो की होडीवर, तर नवी घ्यायच्या आधी एवढं करून बघा.

आधी जोडणी ओळखा

दोन्हींचे प्लस एकमेकांना आणि दोन्हींचे मायनस एकमेकांना जोडले असतील तर ती पॅरलल. व्होल्ट १२ च राहतात, साठा दुप्पट होतो, म्हणजे आमच्याकडे ३०० एएच. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला असेल तर सिरीज. तिथे व्होल्ट २४ होतात, साठा १५० एएचच राहतो. हे कागदावर काढून बॅटरीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. हसू नका. आमच्याच भावकीत एकाने झाकण उघडलं, दोन बॅटऱ्या बघितल्या आणि १२ व्होल्टचा पाण्याचा पंप २४ च्या दोन टोकांना लावला. पंप अर्धा मिनिट फार जोरात चालला.

सिरीजवाल्यांचा घोळ वेगळा आहे, त्यावर शेवटाकडे लिहिलंय. इथून पुढे पॅरलल.

सकाळचं व्होल्टेज फसवतं

मी रोज सकाळी दोन्ही बॅटऱ्यांवर मल्टिमीटर लावायचो. दोन्हीकडे १२.५. मग दोन्ही सारख्या, असं समजायचो. अहो, त्या एकमेकींना बांधलेल्या आहेत. रात्रभर जास्त भरलेली कमी भरलेलीला देत राहते आणि सकाळपर्यंत दोघींचा आकडा एकच होतो. विहीर आणि टाकी नळीने जोडलेली असेल तर पातळी सारखीच दिसणार, कुणाच्या तळात किती गाळ आहे ते पातळीवरून कसं कळेल?

म्हणून दोन्ही सुट्या करायच्या. आधी इन्व्हर्टर बंद, सोलरची वायर काढलेली, मग मायनस, मग प्लस. हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवा. पान्याच्या दांडीला इन्सुलेशन टेप गुंडाळा, कारण मायनस जोडलेला राहिला आणि प्लस सोडवताना पान्याचं दुसरं टोक पत्र्याला लागलं तर जी ठिणगी पडते ती विसरता येत नाही. चार्जिंग नुकतं बंद केलं असेल तर पेटीचं झाकण उघडून अर्धा तास थांबा. बॅटरी भरत आली की हायड्रोजन सोडते आणि तो बंद पेटीत साठतो.

सुट्या बॅटऱ्या रात्रभर तशाच ठेवून मग मोजा. १२.५ ते १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली गेली तर उतरलेली. पण पाणी घालायच्या बॅटऱ्यांना यापेक्षा हायड्रोमीटर, म्हणजे आतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी, जास्त खरं सांगतो. आपल्याकडच्या ट्यूब्युलर बॅटरीत पूर्ण भरल्यावर १.२४० च्या जवळपास आकडा यायला हवा. सहाही सेलचे आकडे लिहून काढा. पाच सेल १.२२ आणि एकच १.१५ असेल तर तो सेल खरंच गेलेला आहे, वायरिंग कितीही सुधारली तरी तो परत येणार नाही. सहाही सारखेच कमी असतील तर ती बॅटरी उपाशी आहे, मेलेली नाही.

आमच्याकडे दरवाजाकडची नवीकोरी होती, तिचे आकडे १.२२५ च्या घरात. आतली जुनी, सहाही सेल १.२०० च्या आगेमागे. म्हणजे जिला आम्ही दोन वर्षं ठणठणीत समजत होतो ती कधी पूर्ण भरतच नव्हती. आणखी एक खूण तेव्हा लक्षात आली, जी आधीच यायला हवी होती. डिस्टिल्ड वॉटर दरवाजाकडच्या बॅटरीत दर महिन्याला लागायचं, आतलीत तीन-तीन महिने लागायचं नाही. मी याला आतल्या बॅटरीचा चांगुलपणा समजत होतो. जिला चार्जिंग जास्त मिळतं तिचंच पाणी जास्त उडतं, एवढी साधी गोष्ट.

करंट कोण किती देतंय

दोन्ही पुन्हा होत्या तशाच जोडल्या. काकांनी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर, काढला. इथे एक सावधगिरी: बहुतेक इलेक्ट्रिशियनांकडचा क्लॅम्प फक्त एसी (घरातल्या विजेचा) करंट मोजतो, बॅटरीचा डीसी नाही. बॅटरीच्या वायरीवर तो शून्य दाखवतो आणि माणूस म्हणतो, करंटच नाही. डीसी अँपियर लिहिलेला क्लॅम्प लागतो, आणि वायरीला लावण्याआधी तो शून्यावर आणावा लागतो.

कुकर ७०० वॉटचा. १२ व्होल्टला, इन्व्हर्टरमधली गळती धरून, हा साधारण ६८ अँपियर ओढतो. दोघींत वाटणी झाली तर प्रत्येकी ३४. प्रत्यक्षात काय निघालं? दरवाजाकडची ५४. आतली १४.

तो आकडा बघून मी खाली बसलो. दोन बैल जुंपले होते, एक ओढत होता आणि दुसरा नुसता चालत होता.

आता कारण. आमच्याकडे इन्व्हर्टरच्या दोन्ही वायरी, लाल आणि काळी, दरवाजाकडच्याच बॅटरीवर होत्या. तिथून दोन छोट्या वायरींनी आतली बॅटरी जोडलेली. बहुतेक ठिकाणी असंच असतं, कारण ते दिसायला सुटसुटीत आणि वायर कमी लागते. जवळच्या बॅटरीचा करंट थेट जातो. लांबच्या बॅटरीच्या करंटला मात्र त्या दोन जोडवायरी आणि चार जोड पार करून यावं लागतं. बॅटरीचा आतला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मिलिओहममध्ये (ओहमच्या हजाराव्या भागांत) असतो, तिथे जोडवायरीचे चार-पाच मिलिओहमसुद्धा डोंगर ठरतात. समजा प्रत्येक बॅटरीचा आतला रोध ५ मिलिओहम आहे. जोडवायरी आणि जोड मिळून २ मिलिओहम असतील तर वाटणी सात-पाच अशी होते, चालून जातं. १५ मिलिओहम झाले तर वीस-पाच. जवळची चौपट राबते, रोज खोल उतरते, आणि खोल उतरणाऱ्या बॅटरीचं आयुष्य झपाट्याने संपतं. चार्जिंगलाही तोच रस्ता, म्हणून लांबची अर्धपोटी राहते. तिच्या प्लेटींवर सल्फेटचा थर धरतो आणि हळूहळू तीही निकामी होते, फक्त उशिरा.

दोष नेमका कुठे, हे मिलिव्होल्टने सापडतं

हा सगळ्यात उपयोगी भाग आहे आणि याला दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. डीसी २०० मिलिव्होल्टवर ठेवा. कुकर चालू. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर, नटवर नाही, खांबावरच. दुसरं टोक थिंबलच्या (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या) पुढे, तांब्याच्या वायरीत टोचून. निरोगी जोडावर तीन-चार मिलिव्होल्ट दिसतात. मग तसंच पुढच्या जोडावर. मग वायरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आमच्याकडे: तीन जोडांवर ३ ते ५. जोडवायरींवर प्रत्येकी ३० च्या आसपास, कारण फिटरने तिथे ६ एमएमची (म्हणजे ६ चौरस मिलिमीटरची) वायर वापरली होती, मेन वायर जाड आणि जोडवायर बारीक. आणि आतल्या बॅटरीच्या प्लसच्या जोडावर १२६.

काकांनी मला तिथे बोट लावायला सांगितलं. कुकर दहा मिनिटं चालू होता. बाकीचे जोड थंड, हा कोमट.

वरून तो जोड बरा दिसत होता. थोडा निळसर-हिरवा थर होता, पण तो सगळ्याच जोडांवर होता. सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतो ना, त्यातला मोरचूद तो हाच. आम्लाची वाफ तांब्या-पितळेला लागली की आपोआप तयार होतो. तो धुता येतो. खरी भानगड थिंबलच्या आत होती. काकांनी स्लीव्ह (वरची प्लास्टिकची नळी) कापली आणि वायर ओढली, तर ती जवळजवळ हातातच आली. थिंबल क्रिम्प केलेलंच, म्हणजे दाबयंत्राने वायरीवर घट्ट बसवलेलंच नव्हतं, हातोडीने चेपलेलं होतं. आतल्या तांब्याच्या तारा चहाच्या पुडीसारख्या काळ्या. इंचभर कापलं, काळं. आणखी इंचभर, काळं. खारी दमट हवा त्या चेपलेल्या फटीतून आत शिरली होती आणि तारांमधून वरपर्यंत चढली होती.

आपल्या किनाऱ्यावर हे होणारच. घाटावरच्या मंडळींना जी जोडणी दहा वर्षं चालते ती इथे दोन पावसाळे काढते. त्यामुळे इंटरनेटवर परदेशातले लोक सांगतात तेवढं करून थांबू नका, थोडं जास्त करा.

काय बदललं

सर्वांत आधी जे एक पैसाही न घालता होतं ते. इन्व्हर्टरची लाल वायर दरवाजाकडच्या बॅटरीच्या प्लसवर ठेवली, काळी वायर काढून आतल्या बॅटरीच्या मायनसवर नेली. तिरकी जोडणी. आता एका बॅटरीच्या वाटेत मायनसची जोडवायर येते, दुसरीच्या वाटेत प्लसची. दोन्ही वायरी सारख्या असतील तर दोघींना सारखाच अडथळा. सोलर चार्जरच्या वायरीही याच दोन टोकांवर न्यायच्या. एकाने फक्त इन्व्हर्टर तिरका केला आणि चार्जर तसाच एका बॅटरीवर ठेवला, त्याने अर्धंच काम झालं.

मग जोडवायरी. दोन्ही एकाच लांबीच्या, एकाच बंडलातल्या, २५ एमएमच्या, म्हणजे २५ चौरस मिलिमीटर. इन्व्हर्टरपर्यंतची मेन ३५. होडीवर कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर वापरतात, ती मिळाली तर उत्तमच. आम्हाला जवळपास मिळाली नाही म्हणून वेल्डिंग केबल घेतली. बारीक तारांची असते, वळते छान, पण मुलामा नसतो. म्हणून टोक बंद करणं आलं. थिंबल हायड्रोलिक क्रिम्परने दाबायचं, षटकोनी ठसा उमटला पाहिजे. दापोलीत मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडे हा क्रिम्पर असतो, दोन थिंबलांसाठी विकत घ्यायची गरज नाही. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी. गरम केल्यावर कडेने गोंदाचा थेंब बाहेर आला की समजायचं, हवा बंद झाली.

खांब खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतले. फसफसतं, फसफसणं थांबलं की काम झालं. ते पाणी सेलच्या बुचातून आत जाता कामा नये, सोडा आम्ल मारतो, आतलंही मारेल. पुसून, सुकवून, बारीक पॉलिश पेपरने चकाकी येईपर्यंत घासलं. थिंबल थेट शिशावर, वॉशर नटच्या बाजूला. हे सांगावं लागतंय कारण आमच्याकडे एका जोडात वॉशर थिंबल आणि खांब यांच्या मधे होता, म्हणजे करंट लोखंडी वॉशरमधून जात होता. पेट्रोलियम जेली सगळ्यात शेवटी, कसून झाल्यावर वरून. शिसं मऊ असतं, पाना फार जोरात मारू नका, खांब फिरतो आणि मग झाकणाशी गळती लागते.

फ्यूज. याबद्दल मी थोडा कडक आहे. ५ मिलिओहम रोध असलेली बॅटरी शॉर्ट झाली तर दोन हजार अँपियरच्या वर देऊ शकते. दोन पॅरललमध्ये असताना एकीचा सेल आतून शॉर्ट झाला तर दुसरी तिच्यात स्वतःला रिकामी करते, आणि मधे इन्व्हर्टरचा फ्यूज येतच नाही. म्हणून प्रत्येक बॅटरीच्या प्लसपाशी, वीतभराच्या आत, आपापला फ्यूज. आम्ही बोल्टने कसायचे १०० अँपियरचे लावले आणि इन्व्हर्टरच्या वायरीवर १२५ चा. घरातल्या मीटरबोर्डावरची एमसीबी इथे लावू नका. ती एसीसाठी असते, डीसीची ठिणगी तिला विझवता येईलच असं नाही.

जोडण्याआधी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या पूर्ण भरून घेतल्या. एक भरलेली आणि एक उतरलेली थेट एकमेकींना लावली तर पहिल्या क्षणी मोठा करंट धावतो, थिंबल पेटीत पडेल एवढा दचका बसतो. आतल्या जुनीला दोन दिवस लावले, हळूहळू तिचे सेल १.२०० वरून १.२३० पर्यंत आले. पूर्ण नाही आले, दोन वर्षांची उपासमार एवढ्यात जात नाही.

कुकर पुन्हा लावला. ३६ आणि ३२. अगदी समान नाही, कारण एक नवी, एक जुनी. नियमाप्रमाणे दोन्ही एकाच वेळी, एकाच बनावटीच्या, एकाच एएचच्या घ्याव्यात. माझ्याकडे तेवढे पैसे आणि तेवढी हौस उरली नव्हती. जोडाजोडांवर २ ते ४ मिलिव्होल्ट.

तरीही उतरत असेल तर

वाटणी बरोबर आहे आणि दोन्ही मिळूनच उतरतात, तर प्रश्न चार्जिंगचा आहे. कोकणात याचं उत्तर बहुतेक वेळा छपरावर सापडतं. नारळाच्या एका झावळीची सावली पॅनलच्या थोड्या भागावर पडली तरी सगळ्या पॅनलचा करंट बराच खाली येतो. मी सावलीसाठी म्हणून कॅराव्हान माडाखाली लावायचो. पॅनलला सावली, आणि वरून नारळ पडायची भीती, दोन्ही फुकट. आता ती अंगणाच्या मोकळ्या बाजूला असते.

गाडीतून चार्ज होईल, ही दुसरी आशा. पुण्याहून ताम्हिणीने येताना पाच-सहा तास इंजिन चालू असतं, एवढ्यात भरायला हवी असं वाटतं. पण इंजिनपासून मागच्या बॅटरीपर्यंत आठ मीटर, जाऊन-येऊन सोळा. ४ एमएमच्या वायरीत एवढ्या अंतरावर साधारण ७५ मिलिओहम होतात. १० अँपियर वाहिले की पाऊण व्होल्ट वाटेतच गेला. डायनॅमो १४.२ देतोय आणि मागे साडेतेराच पोचतात, त्यात ट्यूब्युलर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. बीएस-६ गाड्यांमध्ये तर इंधन वाचवायला डायनॅमो मधेच व्होल्टेज पाडतो. याला उपाय म्हणजे कॅराव्हानमध्ये, बॅटरीजवळ, डीसी-टू-डीसी चार्जर. तो कमी-जास्त येणारं व्होल्टेज घेऊन मागे बरोबर देतो. इंजिन बंद असताना मागच्या लोडने गाडीची बॅटरीही उतरत नाही.

चार्जरच्या सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार बघा. पाण्याच्या ट्यूब्युलरला साधारण १४.४ लागतात, आणि भरल्यावर १३.६-१३.८ वर ठेवायचं. हे आकडे २५ अंशांचे. आपल्याकडे मे महिन्यात बंद पेटीत सहज ३५ होतात, तिथे साधारण पाव व्होल्ट कमी हवं, नाहीतर पाणी उडत राहतं. तापमानाचा सेन्सर असलेला चार्जर हे स्वतः करतो. त्याची छोटी वायर बॅटरीला चिकटवायची असते, ती बहुतेकांच्या डब्यातच राहते. माझीही होती.

२४ व्होल्टवाल्यांसाठी थोडक्यात. सिरीजमध्ये दोघींतून एकच करंट वाहतो, तिरक्या जोडणीचा प्रश्नच येत नाही. तिथे एकच बॅटरी पुन्हा पुन्हा जात असेल तर मधल्या जोडावरून कुणी १२ व्होल्ट काढलेत का ते बघा. पंप, दिवे, मोबाइल चार्जर असं बारीकसारीक खालच्या एका बॅटरीवर टाकलेलं असतं. ती रोज जास्त उतरते, चार्जर मात्र दोघींना मिळून २८.८ देतो, त्यात ती उपाशी आणि वरची उकळते. ती वायर काढून २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा.

आणि लिथियम आयर्न फॉस्फेटची एक नवी घेऊन जुनीला पॅरलल लावू का, असं विचारणारे भेटतात. नका लावू. दोघींचं भरायचं आणि उतरायचं व्होल्टेज वेगळं, लिथियम आधी सगळा लोड घेते आणि शिशाची बॅटरी नुसती ओझं म्हणून फिरते.

पावसाळा

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे वीज इतके दिवस नव्हती की बॅटरी ही चैन नाही हे तेव्हाच कळलं होतं. तरी पहिली दोन वर्षं मी कॅराव्हान जूनमध्ये ताडपत्री टाकून ठेवायचो आणि गणपतीच्या आधी उघडायचो. ताडपत्रीखाली सोलर शून्य. इन्व्हर्टर बंद असला तरी फ्रिजचं पॅनल, रेडिओचं घड्याळ, गॅसचा अलार्म असं मिळून ५० मिलिअँपियर जरी जात असेल, तरी महिन्याला ३६ एएच. तीन महिन्यांत शंभरच्या वर. दर पावसाळ्यानंतर बॅटरी बसायची त्याचं निम्मं कारण हे होतं, आणि जोडणीचा दोष त्यावर बसलेला होता.

आता आगोट झाली, ताडपत्री पडली की दोन्ही बॅटऱ्या सुट्या करून पडवीत, फळीवर. महिन्यातून एकदा घरच्या चार्जरवर एकेक रात्र. आई म्हणते, लोक पावसाळ्यात बैलांची एवढी काळजी घेत नाहीत. सप्टेंबरमध्ये बसवताना वायरीच्या जोडांवर मिलिव्होल्ट मोजतो आणि पेटीच्या झाकणावरच्या त्याच कागदावर तारीख घालून लिहितो. हायवेवरून किंवा घाटातून मोठा प्रवास झाला की नट एकदा पाना लावून बघतो. खड्ड्यांनी ते ढिले होतात, आणि ढिला नट महिन्याभरात काळा पडतो.

मागच्या सप्टेंबरचे आकडे ४, ३, ३, आणि आतल्या मायनसला ११. उघडून बघितलं तर जेली लावायची मीच विसरलो होतो, खांबाच्या कडेला हिरवी रेघ धरली होती. सोड्याने धुतलं, घासलं, परत ३.